नांगर न लागलेला कुणगा

आमच्या घरात आई आणि बाबा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांमधला टपालवाला मी होते. "तुझ्या बापाशीक सांग, पेज थंड जाता," असं आई चुलीपुढून म्हणायची, तेव्हा बाबा चार हातांवर सोप्यात बसलेले असत आणि त्यांना ते स्वच्छ ऐकू आलेलं असे. तरी मला उठून सांगावं लागे. न सांगितलं तर ते जागचे हलत नसत, आणि पेज खरोखरच थंड होई. मग बाबा म्हणायचे, "आवशीक सांग, माका भूक नाय." तेही तिने ऐकलेलं असायचं. त्यावरचं तिचं उत्तर भांड्यांतून यायचं. कढईवर डाव आपटला तर अजून वाट बघायला तयार आहे, आणि पेजेच्या तपेल्यावर झाकण पडलं तर आज बाबांचं जेवण संपलं, एवढी भाषा मला आठवीपासून येत होती. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला तोर, म्हणजे खारातली कैरी, कधी सुक्या कोलंबीची, सुंगटांची किसमूर, आणि मध्ये ही असली शांतता. आमच्याकडे आलेला पाहुणा सहसा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने जायचा, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

भांडण बैलांवरून झालं होतं. आईने वासरं असल्यापासून वाढवलेली जोडी बाबांनी तिला न विचारता देऊन टाकली आणि पेडण्याच्या आमच्या वाड्यावरचा पहिला पॉवर टिलर घरी आणला. बैल गेले त्या दिवशी आई पाण्याला गेली होती. परत आली तेव्हा गोठ्यात डिझेलचा वास येत होता. तिने आरडाओरडा केला असता तर चार दिवसांत सगळं निवळलं असतं. तिने फक्त घागर खाली ठेवली आणि मला म्हणाली, "बापाशीक सांग, घरामागचो कुणगो माझो. तेंच्या यंत्रान थंय पाय घालूचो नाय." आमच्याकडे मेर, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला कुणगा म्हणतात. घरामागे उतारावर असे पाच पायऱ्यांसारखे कुणगे होते, त्यातला चौथा तिने मागितला. बाबांनी हात झटकले. बैलांशिवाय ही बाई किती दिवस शेती करते ते बघू, असा त्यांचा हिशेब होता.

आता बैल नाहीत आणि टिलर नको, म्हणजे जमीन उलटायची कशी? आईने ठरवलं, उलटायचीच नाही. ती आमोण्याची. मांडवीच्या काठावर तिची आई भाजीच्या वाफ्यांवर वाळका पाला आणि पेंढा घालून ठेवायची, तेवढीच काय ती तिची विद्या. पावसाळ्यात भातही काठीने टोचूनच लावायचं, ते कापलं की मुळं तशीच जमिनीत ठेवायची, वर ढोपरभर पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेला वाळका पाला पसरायचा, आणि कार्तिकात त्याच पाल्यात काठीने भोक पाडून मिरचीचं रोप खोचायचं. आजकाल मला शेतकरी मेळाव्यांना बोलावतात. तिथे कोणीतरी इस्त्रीच्या सदऱ्यातला तरुण साहेब माईकवर सांगतो, की आपल्या मायबहिणींना मातीची केवढी माया होती. मला ते ऐकून डोक्यात तिडीक जाते. माझ्या आईने पातेरा घातला तो रागाने घातला. बाबांचं यंत्र आपल्या कुणग्यात येऊ नये म्हणून घातला. मातीला त्याचा फायदा झाला, कारण माती कोणाचं मन बघत नाही.

तो पातेरा आणायचं काम माझं. दर शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी डोंगरावर जायचं, काजू, फणस, किंदळ यांचा पाला गोळा करून मोठ्या पाटीत पायाने दाबून भरायचा आणि डोक्यावरून खाली आणायचा. पाल्यातून लाल मुंग्या मानेवर उतरायच्या. गोचिड्या लागायच्या. घामाला धूळ चिकटून अंगभर खाज सुटायची ती वेगळीच. डोंगराची वाट नेमकी म्हापशाच्या बसच्या थांब्यापाशी उतरायची. कॉलेजात माझ्याबरोबर शिकणारी पोरं तिथे कट्ट्यावर बसलेली असायची. एकदा पाटीचा तोल गेला आणि सगळा पाला माझ्या अंगावर सांडला. त्या दिवसापासून माझं नाव पातेरो पडलं. बसमध्ये शिरले की मागच्या बाकावरून "पातेरो इलो गो" अशी हाळी यायची आणि पुढच्या बायकाही पदराआड हसायच्या. मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात माणूस खून विसरेल, नाव ठेवलेलं विसरत नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नावान काय अंगाक भोकां पडतत?" आणि दुसरी पाटी माझ्यापुढे सारली.

बाबांच्या बाजूला मात्र मला मान होता. त्यांना मुलगा नव्हता आणि कंबर धरलेली, म्हणून टिलर चालवायला त्यांनी मला शिकवलं. पहिल्या दिवशी तो दांडा माझ्या दोन्ही हातांतून निसटून मेरेवर चढला. महिन्याभरात मी आख्ख्या वाड्याचे कुणगे फिरवत होते. पोरगी टिलर चालवते म्हणून आधी हसले, मग "सुलू मोकळी आसा काय?" म्हणून दारात येऊन उभे राहायला लागले. डिझेलचा धूर, दांड्याची थरथर कोपरापर्यंत चढायची, आणि मागे वळून बघावं तर पिठासारखी बारीक झालेली लाल माती. बाबांचा नियम तीन फेऱ्यांचा. आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी, आणि शेवटी माती मुठीत धरून फुंकली तर उडाली पाहिजे. ती उडाली की बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. आईकडून अशी मान हललेली मी तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे मी कोणाच्या पक्षात हे सांगायला नको.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागली. आमच्या वाड्यावर नांगर न लागलेला कुणगा दिसला की समजायचं, त्या घरातलं करतं माणूस गेलं किंवा सगळे मुंबईला निघून गेले. ती दुखवट्याची खूण होती. आणि इथे टिलरवाल्याच्या घरामागेच वर्षानुवर्षं असा एक कुणगा. आमच्या खालचा, पाचवा कुणगा शाबाकाकांचा. शाबाकाका म्हणजे तोंडाने फटकळ आणि चेष्टेत कसलेला माणूस. ते चहाच्या दुकानात उंड्याचा पाव बुडवून खाता खाता बाबांना सगळ्यांदेखत विचारायचे, "काय रे, घरात कोण मेला? चौथ्या कुणग्यात नांगर नाय लावूक तो?" लोक हसायचे. पण त्या हसण्यापेक्षा बाबांना दुसरंच काही टोचत होतं. आईच्या मिरच्या बऱ्या येत होत्या. माघात आमच्या तीन कुणग्यांना एक दिवसाआड पाणी घालावं लागे, तिला पाच दिवसांनी पुरे. आणि सहाव्या वर्षी एका शेतकऱ्याने टिलर सांगून ठेवला होता तो नको म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्या घरकान्नीक नाय लागत, तर माका कित्याक?" त्या रात्री बाबांनी जेवायला नकार देण्याचा निरोपसुद्धा माझ्याकडे दिला नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि आई भाचीच्या लग्नाला पाच दिवसांसाठी आमोण्याला गेली. ती बसमध्ये बसली. तासाभरात बाबा सोप्यातून म्हणाले, "सुलू, चौथो कुणगो फिरय." मी कारण विचारलं नाही. कशाला विचारू? मलाही तो हवाच होता. मी आधी दाताळ्याने सगळा पातेरा ओढून मेरेवर ढीग केला. सहा वर्षं माझ्या डोक्यावरून आलेला तो पाला. वरचा वाळका होता त्याला काडी लावली आणि तो पेटला तेव्हा मला इतका आनंद झाला, की आज तो आठवला तरी माझी मलाच लाज वाटते. खालचा थर काळा, ओला, अर्धा कुजलेला होता. तो जमिनीला असा चिकटून होता की पाला कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते ते दाताळ्याला कळेना. मी तो खरवडून काढला. मग टिलर आणला आणि मेरेच्या कडेने पहिली फेरी सुरू केली.

आमच्या बाकीच्या कुणग्यांत टिलरचा आवाज मला पाठ होता. पाती वीतभर खाली गेली की घर्रर्र करून कशावर तरी घासायची, दांडा उसळायचा. वर्षानुवर्षं पाती त्याच खोलीवर फिरून खाली एक दगडासारखा थर झाला होता, हे मला पुढे शिकल्यावर समजलं. तेव्हा वाटायचं, जमिनीचा तळ तोच. चौथ्या कुणग्यात तो आवाज आलाच नाही. पाती खाली जात राहिली, टिलर नाकावर कलला आणि मला जोर लावून दांडा खाली दाबावा लागला. अर्ध्या फेरीत मी तो थांबवला. मेरेच्या कडेला हातभर पट्टा न फिरवलेला राहिला होता, तिथे गुडघे टेकून बसले आणि बोटं खुपसली. ती मनगटापर्यंत गेली. नोव्हेंबरातली, पंधरा दिवस पाण्याचा थेंब न मिळालेली जमीन, आणि आत ओल. हातात आलेली माती पीठ नव्हती, ढेकूळही नव्हतं. फोडणीत मोकळा परतलेला रवा असतो तशी कणीदार होती. प्रत्येक कणी वेगळी, आणि बोटाने दाबली तरी पटकन मोडायची नाही. मध्ये गेल्या साली कुजलेल्या भाताच्या मुळांच्या बारीक पोकळ नळ्या. गांडुळांची भोकं. आणि मागे, मी फिरवलेल्या अर्ध्या फेरीत, त्याच गांडुळांचे तुकडे वळवळत होते.

मला कळलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण या प्रकरणात लिहिण्यासारखं एवढंच आहे. मला नावं माहीत नव्हती, कारणं माहीत नव्हती, पण हातात काय आहे आणि मी त्याचं काय करते आहे हे मला पुरतं कळलं. मेरेवर बाबा उभे होते. ते ओरडून म्हणाले, "काय जाला गो?" मी म्हटलं, "पातेरो अडाकलो." आणि उठून टिलर परत सुरू केला. त्या मिनिटभरात माझ्या मनात काय होतं ते विचाराल, तर मागच्या बाकावरची हाळी होती. मी उभी फेरी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली. बाबा खूष होऊन म्हणत होते, "बघ कसो चलता! मशीन बरो आसा, जमीनच कशी वाट दिता!" जमीन वाट का देते आहे हे त्या माणसाला खरोखरच समजलं नव्हतं. शेवटी त्यांनी माती मुठीत घेऊन फुंकली. ती सगळी उडाली नाही, तेव्हा त्यांनी मला चौथी फेरी करायला लावली.

आई पाचव्या दिवशी दुपारच्या बसने आली. हातात लग्नातल्या लाडवांचं ओझं, अंगावर लग्नाचंच लुगडं. अंगणातूनच तिला मेरेवरची राख दिसली असावी. ओझं पायरीवर ठेवून ती तशीच मागे गेली, आणि मी तिच्यामागून गेले. मला शिव्या हव्या होत्या. मी उत्तरं तयार ठेवली होती. बाबांनी सांगितलं, लोक हसत होते, मला काय ठाऊक, अशी एकापेक्षा एक. आई कुणग्याच्या कडेने हळूहळू चालत गेली आणि मध्येच थांबली. तिथे मेरेलगतच्या न फिरवलेल्या पट्ट्यात दोन गुडघ्यांचे ठसे आणि बोटं खुपसल्याचं भोक.

"कोणी फिरयलो?" तिने विचारलं.

"मी."

"हंय थांबललंस."

"पातेरो अडाकललो."

"पातेरो अडाकलो तर माणूस पात्यांकडे वाकता," आई म्हणाली. "तू हंय बसललंस. हातीत माती घेतलंस." तिने वाकून त्या भोकात आपली बोटं घातली, ती माझ्यासारखीच मनगटापर्यंत गेली. मग ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मगे परत चालू केलंस."

ती घरात गेली, लुगडं बदललं, चूल पेटवली. त्या संध्याकाळी मी नेहमीच्या जागेवर बसून वाट बघत होते, की आता बाबांना सांगायला काहीतरी जहरी निरोप येईल. निरोप आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने माझ्या हातून टपाल पाठवणं बंद केलं. आमच्या घरात दोन माणसं बोलत नव्हती, ती आता तीन झाली. ताटं वाढलेली असायची, ज्याने त्याने येऊन जेवायचं. लग्नातले लाडू डब्यातच खवट झाले.

बाबांनी तिसऱ्या दिवशी त्या कुणग्यात मिरचीची रोपं लावून घेतली, अर्थात माझ्याकडून. सुबक सरी, सुबक अंतर, एक काडी कचरा नाही. आठवड्याने अवकाळी पाऊस आला. दीड दिवस धो धो पडला आणि जसा आला तसा गेला, लगेच कडक ऊन पडलं. मी मागे जाऊन बघितलं. उघड्या बारीक मातीवर पावसाचा मार बसून ती लिंपल्यासारखी झाली होती, आणि वर वाळून तिचा कडक पापुद्रा धरला होता. नखाने उचलला तर खपलीसारखा निघायचा. रोपांच्या माना त्यात आवळल्या होत्या, अर्धी आडवी पडली होती. पाणी आत गेलंच नव्हतं. ते मेर फोडून खाली उतरलं होतं, आणि जाताना सगळी बारीक लाल माती बरोबर घेऊन शाबाकाकांच्या नुकत्या उगवलेल्या अळसांद्यांवर, म्हणजे चवळीवर पसरून गेलं होतं.

शाबाकाका तणतणत आमच्या सोप्यात आले. चहाच्या दुकानातली चेष्टा आता कुठे दिसेना. "सहा वर्सां माझ्या कुणग्यात वयल्यान थेंब उतरूक नाय!" ते बाबांवर ओरडले. "माझे अळसांदे पुरले तुझ्या चिखलात. काय केलंस तू?" बाबा म्हणाले, पाऊस सगळ्यांवर पडला, त्याला मी काय करू. शाबाकाका म्हणाले, सगळ्यांवर पडला पण मेर तुझीच फुटली. दोघे एकमेकांच्या अंगावर जायच्या बेताला आले होते, तेवढ्यात आतून आई आली. पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे तीन कोप तिने मेजावर मांडले आणि तांब्याने त्यांत पाणी भरलं. शाबाकाकांना वाटलं, पाणी प्यायला दिलं. त्यांनी हात पुढे केला तो तिने बाजूला केला. मग जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर दोन दिवस उन्हात सुकवत ठेवलेले मातीचे तीन गोळे तिने आणले. पाऊस थांबला तेव्हाच तिने ते काढून ठेवले असणार. माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

पहिला गोळा बाबांच्या तिसऱ्या कुणग्यातला. तो पाण्यात सोडल्याबरोबर फसफसला, बुडबुडे आले, आणि शाबाकाकांची विडी पेटेपर्यंत कोपाच्या तळाला नुसता लाल चिखल होता. दुसरा मी फिरवलेल्या जागेतला. तो थोडा वेळ टिकला, मग त्याची एक बाजू ढासळली आणि पाणी गढूळ झालं. तिसरा मेरेच्या कडेचा, माझ्या गुडघ्यांखालचा. तो पाण्यात बसून राहिला. शाबाकाकांची विडी संपली. बाबांनी दोनदा खाकरून घेतलं. तो गोळा तसाच, आणि वरचं पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीची खुंटी त्यातून दिसत होती.

आई बाबांकडे वळली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली. "हो तुमचो," पहिल्या कोपाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "हो माझो. आणि मधलो तो तुमच्या चेडवान केलो. आणखी दोन वर्सां फिरवा, तो तुमच्यासारखो जातलो." तिचा आवाज चढला नव्हता. शाबाकाका खाली बघत होते. बाबांनी आपला कोप उचलला, अंगणात नेऊन ओतला, विहिरीवर जाऊन विसळला आणि परत आणून मेजावर पालथा घातला. या माणसाने तोवर स्वतःचं पाण्याचं भांडंसुद्धा विसळलेलं मी बघितलं नव्हतं. मग ते म्हणाले, "माका कळूक नाय गो." तेही थेट तिला.

आई-बाबांची शांतता तिथे संपली. पुढच्या शनिवारी बाबा कंबर धरून डोंगरावर गेले आणि पातेऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन बसच्या थांब्यावरून भर दुपारी खाली आले. कट्ट्यावरचं कोणी हसलं नाही, माझ्या बापाला हसायची कोणाची टाप नव्हती. चौथा कुणगा दोन वर्षं रडला, तिसऱ्या वर्षी सावरला, पण पहिल्यासारखा व्हायला बरीच वर्षं गेली. टिलर बाबांनी विकला नाही. भाताच्या चिखलणीला तो लागायचाच, फक्त उतारावरच्या वरकस कुणग्यांत त्याच्या तीन फेऱ्यांची एक झाली, आणि मग तीही गेली. रात्री चुलीपाशी दोघं बसून कुरकुरत बोलत असायची, अळसांद्यांच्या तोणाकात, त्या रश्श्यात नारळ किती घातला यावरून भांडायचीसुद्धा. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून ऐकत असायची. माझी नोकरी गेल्यासारखं झालं होतं.

मला आईने माफ केलं नाही. उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, माझ्या लग्नात रडलीसुद्धा. पण त्या कुणग्यात तिने मला पाय घालू दिला नाही. मी डिचोलीच्या शाळेत शिक्षिका झाले, सुट्टीला घरी यायची, कोणी न सांगता डोंगरावर जाऊन पातेरा आणायची. आई म्हणायची, "पाटी मेरेवर ठेव." पसरायचे बाबा. एकदा मी चिडून विचारलं, की कुणगा फिरवायला सांगितलं बाबांनी, त्यांच्याशी तू बोलतेस, त्यांना आत घेतेस, आणि शिक्षा मला एकटीला का? ती तांबडी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेका कळूक नाय. तुका कळललां." मी तावातावाने निघून बसथांब्यावर जाऊन बसले. त्यावर वाद घालता येत नव्हता, म्हणून राग जास्त आला. आजही येतो. माझ्या वर्गातली मुलं चुकली तर मी त्यांना विचारत असे, ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नव्हतं म्हणालं की सोडून द्यायची. खरं बोलणाऱ्यालाच जास्त शिक्षा व्हायची, हे आता लक्षात येतं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली नाही, मीच निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला गेले. तोवर तिचे पाय गेले होते आणि कुणगा माझ्याच हाताखाली आला होता. कोणी बोलावून परवानगी दिली नाही, ती आडवी येऊ शकत नव्हती एवढंच. मी पातेरा पसरायची, रोपं खोचायची, आणि घरात येऊन तिला सांगायची, की आज बोटं मनगटापर्यंत गेली, आज दोन हात लांब गांडुळांची रांग दिसली, आज पावसाचा थेंब खाली उतरला नाही. ती "हां" म्हणायची. एका सकाळी तिला पेज भरवत होते. तिची तब्येत बरी होती, आवाज खणखणीत होता, म्हणून धीर करून विचारलं. "आई, त्या कुणग्याचो अजून राग आसा?"

तिने घास गिळला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"आसा," ती म्हणाली. "पेजेक मीठ कमी पडला."

मी मीठ आणायला उठले.